बोलता यावं, बोलू नये

सोनं घ्यायचं असलं की ओळखीचा सोनार बरोबर न्यायचा, प्लॉट घ्यायचा असला की वकील, आणि सून आणायची असली की इंग्रजीच्या बाई. आमच्या हुबळी-धारवाडकडच्या काही मराठी घरांतली ही नवी रीत आहे. मुलगी बघायला निघताना नात्यातली नाहीतर ओळखीची एखादी इंग्रजी शिकवणारी बाई गाडीत घालायची. उप्पीट-शिरा झाला की तिनं मुलीला चार प्रश्न विचारायचे आणि परतताना गाडीत निकाल सांगायचा. मी धारवाडच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर माझ्या बरोबरीच्या बायका भजनाला जायला लागल्या, माझ्या वाट्याला हे आलं. त्याची मला किळस येते आणि ती मी कुणापासून लपवत नाही.

परक्यांना मी सरळ नाही म्हणत असे. पण एकदा विचारणारी माझी सख्खी थोरली बहीण होती.

अक्का हुबळीला भांड्यांच्या दुकानवाल्यांच्या घरी पडली. दुकान बाजारात, घर विद्यानगरला. थोरला मुलगा दुकान बघतो. धाकटा बेंगळूरच्या कंपनीत कॉम्प्युटरवर आहे, पण बरीच वर्षं झाली, घरातल्या वरच्या खोलीत बसूनच नोकरी करतो. त्या धाकट्याचं लग्न ठरवायचं होतं. अक्काचा फोन आला.

"रविवारी केलगेरीला मुलगी बघायला जायचं हाय. तू येतीस. इंग्लिश तेवढं तपासून सांग."

"तपासून म्हणजे? दूध आहे का ते?"

"उगं वाकडं बोलू नकोस. त्याच्या कंपनीची माणसं येतात, हॉटेलात जेवणं असतात. उद्या परदेशी पाठवलं तर? इंग्लिश बोलता आलं पायजे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण बोलणारी नको बघ. एकदा फसलोय."

फसलोय म्हणजे थोरली सून. ती बेळगावची, इंग्रजी शाळेत शिकलेली, वाचणारी, हसणारी. ती आली तेव्हा अक्का गल्लीभर सांगत हिंडायची, आमची सून इंग्लिश पेपर वाचते म्हणून. सून पेपर नुसता वाचत नव्हती, वाचलेलं जेवताना बोलायची. दुकानात बिलं कशी करावीत, मुलं झाली की त्यांना कुठल्या शाळेत घालावं, ह्यावर तिला मतं होती. वर्षभरात गल्लीभरची बातमी बदलली. "फार बोलते." मग नवरा बोलला, सासू बोलली, सासऱ्यानं जेवणाच्या ताटावरून उठून दाखवलं, माहेरच्यांना बोलावून घेतलं. मी सगळं बघितलं आहे. आता मी गेले की ती स्वयंपाकघराच्या दारात येते, "चहा ठेवू का?" म्हणते आणि आत जाते. एवढंच. अक्का समाधानानं म्हणते, "सुधारली हो." मला त्या घरचा चहा घशाखाली उतरत नाही.

आता त्या तपासणीत विचारतात काय, तर से, टेल, स्पीक, टॉक ह्यांतला फरक. हा प्रश्न कुणी काढला देव जाणे, पण स्पोकन इंग्लिशच्या क्लासांनी गावभर पसरवला आहे. मुंज्याला जशी संध्या यायला हवी तसा लग्नाच्या मुलीला तो यायला हवा. मी वर्गात तो कितीदा शिकवला असेल. कन्नडात 'हेळु' म्हटलं की म्हणणंही आलं आणि सांगणंही आलं, त्यामुळं आमच्याकडची पोरं बेधडक 'से मी युवर नेम' म्हणतात. मी त्यांना मराठीतून सांगायची. से म्हणजे म्हणणं, तोंडातून शब्द बाहेर पडला की झालं. टेल म्हणजे सांगणं, त्याला समोर माणूस लागतो, कुणाला ते आधी ठरवावं लागतं. स्पीक म्हणजे भाषा येणं, किंवा माईकपुढं उभं राहून एकट्यानं बोलणं. आणि टॉक म्हणजे दोघांनी मिळून बोलत बसणं. पोरांना पटायचं, परीक्षेपुरतं लक्षातही राहायचं.

पण अक्काच्या घरात बसलं की मला हा धडा वेगळाच दिसतो. भाऊजी झोपाळ्यावरून भाषण करतात. अक्का सांगते, म्हणजे हुकूम सोडते. थोरला मोबाइलमध्ये बघत काहीतरी म्हणतो. दोघांनी मिळून बोलत बसणं त्या घरात मी कधी पाहिलं नाही. आणि अशा घराला इंग्रजी बोलणारी सून हवी.

तरी मी गेले. नाही म्हटलं असतं तर अक्का विद्यानगरमधल्या एका क्लासवाल्याला घेऊन जाणार होती. तो गळ्यात टाय घालून बायकांवर ओरडतो. म्हटलं, निदान त्या मुलीच्या बाजूचं एक माणूस तिथं असू दे.

रविवारी सुभाष रोडच्या कोपऱ्यावर त्यांची गाडी आली. अक्का ठेवणीतल्या रेशमी साडीत घामाघूम झाली होती. पुढून भाऊजींनी मान वळवून विचारलं, "काय मास्तरीणबाई, पेपर काढलाय नव्हं?" आणि स्वतःच हसले. भाचा माझ्या शेजारी मोबाइल चोळत होता. त्यानं मान वर केली नाही.

मुलीचे वडील धारवाडच्या कोर्टात वकिली करतात. घर केलगेरीच्या तळ्याच्या अलीकडं, नीटनेटकं. मुलगी एका कॉलेजात कॉमर्स शिकवते. तिशी आलेली. रंग, उंची, पगार, पत्रिका ह्या सगळ्या चाळण्यांतून ती आधी कितीदा तरी गेली होती, हे तिच्या बसण्यावरूनच कळत होतं. ती आली आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवलेल्या खुर्चीवर बसली. वडिलांनीच ती खुर्ची तिथं ओढून ठेवली होती. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी निघेपर्यंत त्या बाईच्या तोंडून 'घ्या की' ह्याशिवाय शब्द ऐकला नाही.

भाच्यानं सुरुवात केली. मोबाइल मांडीवर पालथा घालून, छाती पुढं काढून म्हणाला, "माय मदर सेड मी यू आर लेक्चरर."

मुलीनं मान हलवली. तिच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला आणि लगेच जागेवर आला. तेवढं मी बघितलं. बाकी कुणाला काही कळलं नाही, कारण त्याचं इंग्रजी तपासायला कुणी कुणाला आणलं नव्हतं.

उप्पीट संपत आलं तशी अक्का म्हणाली, "आमची बहीण इंग्लिशची टीचर होती. दोन प्रश्न विचारते. उगं आपलं."

"विचारा की, विचारा," वकील खुर्चीत पुढं सरकले. "तयारी आहे तिची. ते से-टेल-स्पीक-टॉकच विचारा. मागच्या स्थळाला तिथंच अडकलं होतं. आता चांगलं घोटून घेतलंय."

घोटून घेतलंय! कॉलेजात बी.कॉम.च्या पोरांना शिकवणारी बाई, आणि बाप तिच्याकडून संध्याकाळी चार क्रियापदं घोटून घेतो. मी विचारलंही नव्हतं. वडिलांनी नुसती मान डोलावली आणि तिनं सुरू केलं. डोळे माझ्यावर नव्हते, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर होते. ही सेड इट इज रेनिंग. शी टोल्ड मी अ स्टोरी. ही स्पीक्स फाइव्ह लँग्वेजेस. वी टॉक्ड फॉर अॅन अवर. रामरक्षा म्हणावी तसं एका सुरात. शेवटच्या वाक्यावर बापानं अक्काकडं असं बघितलं, जणू बैल फिरवून दाखवला. मला त्या उप्पिटाची, त्या कॅलेंडरची, झकपक साडीतल्या माझ्या बहिणीची शिसारी आली. बशी मी खाली ठेवली.

तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला राहवलं नाही. मी इंग्रजीत तिला विचारलं, की हे सगळं ठीक आहे, पण तू बोलत बसतेस कुणाशी?

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "माय स्टुडंट्स, मॅडम," म्हणाली. आणि मग सांगत सुटली. कलघटगीकडच्या खेड्यातून पहिल्या बसनं येणारी एक मुलगी मागच्या बाकावर झोपायची. हिनं तिला पहिल्या दिवशी झापलं, मग कळलं की ती पहाटे उठून म्हशींच्या धारा काढून येते. आता दोघी दुपारी कँटीनमध्ये बसतात, हिशेब शिकवता शिकवता म्हशींच्या गप्पा चालतात, म्हैस आटली की नफा-तोटा कसा मांडायचा त्याच्या. इंग्रजी घसरत होतं, अडलं की मध्येच कन्नड शब्द घुसत होता. पण आता ती हातवारे करत होती, हसत होती. बोलणारं माणूस कसं दिसतं ते मी त्या घरात तेवढंच पाहिलं.

अक्काला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ती नुसती किती वेळ चाललंय ते बघत होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "फार बोलते काय गं?"

वकिलांच्या कानावर ते गेलं असावं. त्यांनी हात वर केला. "साकु, साकु. पुरे झालं आता."

मुलगी वाक्याच्या मध्येच गप्प झाली. नळ बंद केला की पाणी थांबतं तशी. सवयीनं.

"मग?" अक्कानं सगळ्यांदेखत मला विचारलं. "पास काय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. पास म्हटलं की ती अक्काच्या घरात जाणार आणि वर्षभरात चहा ठेवू का म्हणणार. नापास म्हटलं तर खोटं बोलल्यासारखं, आणि मध्यस्थाच्या तोंडून आठवडाभरात गावभर होणार की वकिलांच्या मुलीला ह्याही खेपेला इंग्रजी आलं नाही. माझ्या एका शब्दावर त्या पोरीचं सगळं टांगून ठेवलं होतं. आणि ती स्वतः तिथं बसलेली असताना तिला कुणी विचारत नव्हतं.

मी मराठीतच बोलले, सगळ्यांना कळावं म्हणून. "इंग्रजी छान आहे. आमच्या भाच्यापेक्षा तर कितीतरी छान. पण अक्काच्या घरात ते वापरायला मिळणार नाही. थोरल्या सुनेचंही छान होतं. आता ती चहा ठेवू का एवढंच बोलते, तेही मराठीत. वकीलसाहेब, हे तुमच्या कानावर असू दे."

अक्काचं तोंड उघडं राहिलं. भाऊजी खोकायला लागले. मला वाटलं, आता बाप उठेल, हात जोडेल, या म्हणेल. निदान बायकोकडं तरी बघेल.

वकील हसले. समजूतदार, दिलजमाईचं हसू. "ते चालतंय हो," म्हणाले. "तसं आमच्या मुलीलाही फार बोलायची सवय नाहीच. आत्ता तुम्ही विचारलं म्हणून."

मी पुष्कळ निर्लज्ज माणसं बघितली आहेत. शाळेच्या कमिट्यांत काम केलंय मी. पण पोटच्या मुलीची जीभ अशी सौद्यात वर टाकून देणारा बाप मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि तो मला सज्जन माणसासारखा दिसत होता. ह्याचीच जास्त किळस आली.

निघताना मुलगी कुंकू लावायला दारात आली. बाकीचे गाडीकडं गेले होते. मी तिचा हात धरला. म्हटलं, "तुला नको असेल तर सांग. आजच सांग."

तिनं करंडा मिटला. "कुणाला?" म्हणाली.

एवढंच विचारलं आणि माझ्या उत्तरासाठी खरंच थांबली. आत बाप मध्यस्थाला फोन लावत होता, आई खरकट्या बशा गोळा करत होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चपला घातल्या.

गाडीत अक्का फाटकन म्हणाली, "तू कुणाच्या बाजूची गं? घरचं वाटोळं करायला आली होतीस काय?" भाचा मोबाइलमधूनच पुटपुटला, "मावशी, यू शुड नॉट टेल लाइक दॅट." मी सुभाष रोडला उतरले. कुणी ये म्हटलं नाही, मीही येते म्हटलं नाही.

नकार जाईल असं मला वाटलं होतं. त्याच आठवड्यात होकार गेला. का, ते मला भाऊजींकडून कळलं. अक्काला बाप आवडला होता. "शहाणा माणूस हाय. मुलगी दबून राहील." लग्न हुबळीला थाटात झालं. अक्कानं तोंड फिरवून माझ्या हातात अक्षता ठेवल्या आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं. मुलीनं कॉलेज सोडलं. सोडलं नाही म्हणे, 'सध्या थांबली.' आमच्या लोकांत बायका कधीच काही सोडत नाहीत, सगळ्या सध्या थांबलेल्या असतात.

ह्या दिवाळीला मी हट्टानं अक्काला फोन लावला. सख्खी बहीण आहे, किती दिवस तोंड फिरवून बसणार? बराच वेळ वाजला. मग धाकट्या सुनेचा आवाज आला, अगदी सरळ, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बोलल्यासारखा.

"मॅडम, शी टोल्ड मी टू से शी इज नॉट अॅट होम."

'मी घरी नाही असं म्हण', असं त्यांनी मला सांगितलंय. सगळं खरं होतं, आणि ज्या बाईनं ते सांगायला लावलं होतं ती शेजारी उभी राहून ऐकत होती आणि तिला अक्षर कळत नव्हतं. फोन अक्काच्याच मोबाइलवर लावला होता; तो घरी ठेवून ती बाहेर गेली, असलं खोटंसुद्धा तिला धड रचता आलं नव्हतं.

"आणि तू?" मी इंग्रजीत विचारलं. "तू कशी आहेस?"

तिनं त्याच आवाजात सांगितलं. कॉलेजचा विषय काढला की सासरे ताटावरून उठतात. तिचा स्वतःचा मोबाइल आहे, पण बोलून झालं की कुणाचा होता आणि काय म्हणाला ते सगळं सांगावं लागतं. म्हशीवाली मुलगी पास झाली. मागून अक्काचा आवाज आला, "एवढं काय म्हणायलीय ती?" आणि धाकटी मराठीत म्हणाली, "तुम्ही कधी येणार विचारतायत." मग पुन्हा मला, घाईघाईनं, "मॅडम, प्लीज कॉल टुमॉरो आल्सो. आस्क फॉर हर."

तेव्हापासून मी रोज दुपारी अक्काला फोन करते. अक्का रोज घरी नसते. मी माफी मागायला तिच्या पाया पडतेय आणि ती मला दाद देत नाही, असं ती सगळ्या नातेवाइकांत सांगते. मला लोचट म्हणते. म्हणू दे. कुणी मला ह्यात हुशारी केलीस म्हटलं तर तेही मला नको आहे. एका शिकलेल्या बाईला दुपारी चार वाक्यं बोलायला सासूचं खोटं लागतं, ह्यात कसली हुशारी? फोन ठेवला की मी तोंड धुऊन येते.

परवा फोन उचलला तो आवाज मला लवकर ओळखू आला नाही. घोगरा, न वापरलेला. थोरली सून होती. मागं अक्का काहीतरी बजावत होती.

"शी इज नॉट अॅट होम, मावशी," थोरली म्हणाली. आणि थांबली. आता ठेवेल असं मला वाटलं.

तिनं ठेवला नाही.